जो वाट वापरील, त्याने वाट राखावी



पावसाळा लागला की घाटमाथ्याच्या गावांत शनिवार-रविवारी जीपगाड्यांची आणि मोठ्या मोटारसायकलींची रांग लागते. शहरातली हौशी मंडळी चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या घेऊन येतात. डांबरी सडक सोडायची आणि गाडी मुद्दाम चिखलात, ओढ्यात, सड्यावर घालायची, हा त्यांचा खेळ. याला ते ऑफ-रोडिंग म्हणतात. आपल्याला नवल वाटते. ज्या चिखलातून गाडी बाहेर काढायला आपण बैल जुंपतो, त्याच चिखलात ही माणसे तेल जाळून गाडी आत घालतात! पण हौसेला मोल नाही, तेव्हा हसून उपयोग नाही. आपला प्रश्न त्यांच्या हौसेचा नाही, आपल्या जमिनीचा आहे.

ही चाके फिरतात ती जमीन कुणाची? कुठे गायरान, कुठे वनखात्याची, कुठे पडीक, तर कुठे मालकीची असूनही कुंपण नसलेली. सगळ्यांची म्हणून ती कुणाचीच नाही. बारभाईची शेती. गुरे चरायला सगळे, सरपण आणायला सगळे, गाड्या फिरवायला सगळे. राखायला मात्र कुणी नाही.

यावर गावात दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, "येऊ द्या की, चहा-भाकरीचे चार पैसे तरी मिळतात." दुसरे म्हणते, "वाटेत चर मारा आणि अडवा." दोन्ही मते अर्धी आहेत. नुसते येऊ दिले तर डोंगर जातो. नुसते अडवले तर गाड्या शेजारच्या गावाच्या शिवारातून वर चढतात आणि आपल्या पोरांचा धंदाही जातो. तिसरा मार्ग आहे तो असा : जो वाट वापरतो त्यालाच वाट राखण्याच्या कामाला जुंपायचे, पण कासरा आपल्या हातात ठेवायचा. ज्या देशात ही हौस वाढली, त्या अमेरिकेत पन्नासहून अधिक वर्षे याच प्रश्नाशी झटापट चालू आहे. त्यांच्याकडून घ्यावे असे काही आहे, आणि सावध व्हावे असेही काही आहे.

चाकोरीचा ओहोळ होतो

आधी जमिनीचे गणित समजून घेऊ. आपण डोंगरावर सलग समतल चर खणतो, उताराला आडवे बांध घालतो, ओघळीत अनगड दगडांचे बांध रचतो. कशासाठी? धावते पाणी चालते व्हावे, चालते पाणी थांबावे आणि थांबलेले जिरावे म्हणून. गाडीची चाकोरी नेमके याच्या उलट करते.

ओल्या मातीवरून जड चाक गेले की माती दबते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या बंद होतात आणि पाणी मुरत नाही. न मुरलेले पाणी चाकोरीत उतरते. चाकोरी जर उताराच्या दिशेने सरळ गेलेली असेल, तर ती पाण्याला आयता पाट मिळतो. पहिल्या पावसात बोटभर, चौथ्या पावसात वीतभर, आणि दोन-तीन वर्षांत तिथे घळ. मग ती वाट खराब झाली म्हणून पुढची गाडी शेजारून जाते आणि दुसरी चाकोरी पडते. एका वाटेच्या अशा चार वाटा होतात. सड्यावर आधीच माती किती? कातळावर जेमतेम चार बोटे. ती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, वाहून जायला एक मोसम पुरतो. तिथले गवत गेले म्हणजे गुरांचा चारा गेला. तिथली माती गेली म्हणजे खालच्या चरात, पाझर तलावात, विहिरीत गाळ आला. जे काम गावाने श्रमदानाने आणि सरकारच्या पैशाने केले, ते वरून बुजत जाते.

म्हणून माझे पहिले म्हणणे साधे आहे. वापसा आल्याशिवाय आपण शेतात औत घालत नाही. नवीन गड्यालाही हे सांगावे लागत नाही. मग आपल्या शेतापेक्षा दहापट नाजूक असलेल्या सड्यावर वापसा नसताना गाडी कशी चालेल? गंमत अशी की या हौशी मंडळींना नेमका चिखलच हवा असतो. खरा तंटा इथे आहे.

अमेरिकेने काय केले

अमेरिकेत सुमारे २८ टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. त्यात जंगले आहेत, माळराने आहेत, वाळवंटे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीप सामान्य माणसाच्या हाती आली, पुढे डोंगरात चालणाऱ्या मोटारसायकली आल्या. सरकारी जमीन मोकळीच होती. वाटेल तिथे जावे, असा खाक्या. वीस-पंचवीस वर्षांत डोंगर ओरबाडले गेले.

१९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला की, सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही हे खात्यांनी ठरवून द्यावे. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यात भर घातली : गाड्यांमुळे माती, झाडझाडोरा किंवा वन्यप्राण्यांचे मोठे नुकसान होत असल्याचे दिसले, तर तो भाग ताबडतोब बंद करावा. आदेश निघाले, पण अंमल कूर्मगतीने. अखेर २००५ मध्ये तिथल्या वनखात्याने नियम केला. आधी "बंद असा फलक नाही तिथे मोकळे" असे पुष्कळ ठिकाणी चाले. नियमाने ते उलटे केले : नकाशावर दाखवलेली वाट तेवढीच खुली, बाकी सगळे बंद. कोणत्या वाटा नकाशावर घ्यायच्या हे ठरवताना लोकांचे म्हणणे ऐकणे खात्याला बंधनकारक केले. त्यामुळे गाडीवाल्यांनाही बैठकीत येऊन बसावे लागले. घरी बसून कुरकुर करणाऱ्याची वाट नकाशावर येणार कशी?

पैशाचीही व्यवस्था पाहण्यासारखी आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्येच कायदा करून या गाड्यांची नोंदणी फी आणि त्यांच्या इंधनावरच्या कराचा वाटा याच कामासाठी बाजूला काढायला सुरुवात केली. १९९१ मध्ये केंद्रानेही तोच रस्ता धरला. डोंगरवाटांवर जे इंधन जळते त्यावरचा कर डोंगरवाटांच्याच कामाला लावायचा. त्यातले ३० टक्के गाड्यांच्या वाटांना, ३० टक्के पायी, सायकलने वा घोड्यावरून जाणाऱ्यांच्या वाटांना आणि ४० टक्के सगळ्यांच्या मिळून असलेल्या वाटांना. हा पैसा मिळवायचा तर राज्याने सल्लागार समिती नेमावी लागते, आणि तीत गाडीवाले व बिनगाडीवाले दोघेही असावे लागतात. एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे अशी एका टेबलाशी आली.

रुबिकॉनची वाट

एक उदाहरण नीट सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतात रुबिकॉन नावाची सुमारे ३५ किलोमीटरची खडकाळ वाट आहे. एल डोराडो कौंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक कारभाराने, १८८७ मध्येच ती सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केली होती. १९५३ पासून तिथे जीपगाड्यांची जत्रा भरू लागली. आसपासच्या गावात चार पैसे यावेत हा त्यामागचा एक हेतू. पुढे ही वाट जगभरच्या जीपवाल्यांची पंढरी झाली.

पंढरी झाली की गर्दी आली, आणि गर्दीबरोबर घाण. खडकावर आदळून गाड्यांचे तेल सांडू लागले. उताराची माती ओढ्यात जाऊ लागली. एका तळ्याकाठी मुक्काम करणाऱ्यांनी उघड्यावर इतकी घाण केली की, २००४ मध्ये तिथला मुक्कामच बंद करावा लागला. ही मंडळी अडाणी नव्हती, चांगली शिकलेली, पैसेवाली होती. पण सार्वजनिक जागा म्हटले की शिकलेलाही कसा वागतो, हे आपण आपल्या एसटी स्टँडवर रोज बघतोच!

काही जीपवाल्यांच्या मात्र लक्षात आले की अशाने वाट हातची जाणार. २००१ पासून 'फ्रेंड्स ऑफ द रुबिकॉन' या नावाखाली निरनिराळे क्लब एकत्र येऊन सुट्टीच्या दिवशी वाटेवर राबू लागले. आणि २००९ मध्ये दणका बसला. त्या भागाच्या पाणी गुणवत्ता मंडळाने कौंटीला आणि वनखात्याला रीतसर आदेश बजावला की, या वाटेवरून गाळ, मैला आणि तेल पाण्यात जाणे थांबवा. वाटेवर कडक बंधने घाला, अशी मागणी पर्यावरणवाल्यांची होतीच.

इथे त्या आठ वर्षांच्या कामाचा उपयोग झाला. कौंटीपाशी माणसे कमी, पण राबायला तयार असलेले हौशी लोक पुष्कळ. राज्याच्या त्याच गाडी-निधीतून अनुदान मिळाले. वाटेवर ठिकठिकाणी पाणी आडवे वळवून बाहेर काढले, ओढ्यांवर पूल झाले, शौचालयांची सोय झाली. गाडीत तेल टिपून घेण्याचे साहित्य आणि मैला परत नेण्याच्या पिशव्या ठेवायला सांगण्यात आले. आणि सगळ्यात महत्त्वाचे : जमीन पाण्याने पूर्ण भिजलेली असेल तेव्हा वाट बंद करता येईल, अशी योजना ठरली. म्हणजे आपला वापसाच की! २०१२ मध्ये वनखात्याने कौंटीला वनातून जाणाऱ्या या वाटेचा रीतसर हक्क दिला. वाट आजही चालू आहे.

चोराच्या हाती किल्ल्या?

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, ज्यांनी वाट उखणली त्यांनाच वाटेचे राखणदार नेमायचे? हे म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देणे झाले." शंका रास्त आहे. अमेरिकेतही ती घेतली जाते. गाडीवाल्यांच्या संघटना कामाला येतात तशा दबाव आणायलाही येतात, एकही वाट बंद होऊ नये म्हणून कोर्टात जातात. तिथली भांडणे अजून मिटलेली नाहीत.

पण रुबिकॉनची गोष्ट नीट वाचा. हौशी लोकांनी कामाला हात लावला, हे खरे. पण गाळ थांबवण्याचा आदेश त्यांनी काढलेला नव्हता. तो पाण्याचे राखण करणाऱ्या मंडळाने काढला. नुसती हौस असती तर चार पोती कचरा उचलून, फोटो काढून सगळे घरी गेले असते. आणि नुसता आदेश असता तर कौंटीने वाट बंद करून हात झटकले असते, मग रात्री-अपरात्री चोरून गाड्या गेल्या असत्या. वर कायद्याचा धाक आणि खाली वापरणाऱ्याचे हात, दोन्ही लागले. आपण हाच धडा घ्यावा. राबणाऱ्याला बैठकीत जागा द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे. किल्ली मात्र गावाकडे आणि वनखात्याकडे राहावी.

आपल्या हातात काय आहे

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागत नाही. राखीव वनात परवानगीशिवाय घुसणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. अभयारण्यात जायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवाना लागतो. तिथे ग्रामसभेने ठराव केला म्हणून गाडी घालायची मुभा मिळत नाही, हे सरपंचांनी पक्के ध्यानात ठेवावे. पण वनाच्या राखणीत गावाला जागा आहे. महाराष्ट्रात १९९२ पासून संयुक्त वन व्यवस्थापन आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, त्यांच्या ग्रामसभेला ते वन राखण्याचा, त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार आहे.

साताऱ्याजवळचे कास पठार पाहा. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. फुले पाहायला माणसांचा आणि गाड्यांचा पूर लोटू लागला. तेव्हा आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी वनखात्याबरोबर व्यवस्था बसवली. गाड्या लांब वाहनतळावर, माणसांच्या संख्येला मर्यादा, प्रवेशाला शुल्क, आणि गावच्याच पोरापोरींना राखणदारीचे काम. सगळे सुरळीत झाले असे नाही. कुंपण घातल्यावर चराई थांबली, त्याचा फुलांवर परिणाम होतो की काय यावर मोठा वाद झाला. पण गावाने मनावर घेतले तर गर्दीला शिस्त लावता येते, हे तिथे दिसले. कासला एकच उणीव राहते. येणारा शुल्क भरतो आणि जातो, त्याच्या हातून राखणीचे काम होत नाही. जीपवाल्यांकडून मात्र ते करून घेता येईल. कारण तो एकदाच येत नाही, दरसाल येतो. आणि त्याच्याकडे दगड ओढायला दोर आणि जोर दोन्ही आहे!

ग्रामसभेपुढे ठेवावयाचे मुद्दे

ज्या गावांना हा त्रास आहे त्यांनी पुढील गोष्टींवर ग्रामसभेत बोलावे, असे सुचवतो.

१. शिवार फेरी काढून गाड्या कुठून वर जातात ते नकाशावर काढा. गायरान कुठले, वन कुठले, मालकीचे कुठले हे तलाठी, ग्रामसेवक आणि वनरक्षक यांना बरोबर घेऊन ठरवा. (पदांची नावे आता बदलली, कामे तीच आहेत.)

२. जिथे कायद्याने चालेल अशी एखादी वाट निवडा. ती शक्यतो मुरमाड, कमी उताराची, पाणवठ्यापासून लांब असावी. ती तेवढी खुली, बाकी सगळ्या बंद. मालकीची जमीन असेल तर मालकाची लेखी संमती घ्या.

३. जोराचा पाऊस आणि त्यानंतर वापसा येईपर्यंत वाट बंद. वापसा आला की नाही हे गावातला जाणता शेतकरी सांगेल. त्याला यंत्र लागत नाही, मूठभर माती पुरते.

४. नियमित येणाऱ्या क्लबशी लेखी करार करा. वर्षातून ठरावीक दिवस त्यांनी श्रमदान करायचे. हे काम उन्हाळ्यात व्हावे : चाकोऱ्या बुजवणे, ठरावीक अंतरावर पाणी बाहेर काढणारे आडवे चर, ओघळीत अनगड दगडी बांध, उघड्या जागी गवताचे बी. कुठे काय करायचे हे कृषी आणि वनखात्याच्या माणसांनी दाखवावे. हौशी माणसाने आपल्या मनाने दगड हलवू नयेत.

५. कायद्यात बसेल ती फी घ्या, पावती द्या, हिशेब वेगळा ठेवा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवा. वाटेचा पैसा वाटेवरच खर्च व्हावा. तो कमानीवर आणि सत्कारावर गेला तर पुढच्या वर्षी कुणी देणार नाही.

६. दिवाळीनंतर वाट पाहून या. चाकोऱ्या खोल झाल्या असतील, खालच्या चरात गाळ आला असेल, तर वर्षभर वाट बंद. करारात हे आधीच लिहा, म्हणजे वाद नको.

आपलेही चाक तपासावे

शेवटी एक कडू गोष्ट. वापरणाऱ्याने राखावे हा न्याय शहरातल्या जीपला लावायचा, तर तो आपल्या ट्रॅक्टरलाही लागतो. पाणंद रस्त्याची दशा कुणी केली? भर पावसात उसाची, भाताची, खताची ट्रॉली आपणच ओढतो. लोखंडी केजव्हील लावून सडकेवरून आपणच जातो. रस्त्याकडेचा चर बुजवून दोन हात शेत वाढवणारे आपल्यातच आहेत, आणि चर बुजला म्हणूनच रस्त्याचा ओढा होतो. मग अर्ज घेऊन तहसील कचेरीत खेटे घालतो. शासनाने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी योजना आणली, रस्ते झालेही. पण झालेल्या रस्त्याचा चर दर मे महिन्यात कोण काढणार, हे योजनेत कितीही लिहिले तरी ते करायला फावडे आपल्यालाच उचलावे लागते.

हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली ती पोलीस उभे करून नाही. ज्यांची गुरे चरत होती, ज्यांच्या कुऱ्हाडी चालत होत्या, त्यांनीच ती पाळली. डोंगर वापरणारा आणि डोंगर राखणारा एकच झाला, तेव्हा डोंगर हिरवा झाला. जीपवाला गावचा नाही, त्याला डोंगराची ओढ आपल्याइतकी नसेल. पण त्याला त्याची हौस प्यारी आहे. त्या हौसेला राखणीची अट घालणे आपल्या हातात आहे.

तेव्हा मंडळी, येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घाला. पुढच्या पावसाळ्याच्या आधी वाट ठरवा, करार करा, उन्हाळ्यात काम करून घ्या. मृग बरसायला लागल्यावर चर खणून काही उपयोग नाही, हे मी तुम्हाला सांगावे असे नाही.